पडद्यावरचा मराठी कीबोर्ड तयार करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर-गिरगावच्या ग्रंथालयात पुस्तके शोधण्यासाठी ठेवायचा स्पर्शपडदा, परळच्या रुग्णालयातील नोंदणीची खिडकी किंवा लालबागच्या एखाद्या पतपेढीत खातेदारांसाठी मांडलेले यंत्र, अशा ठिकाणांसाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुंबईतील प्रोग्रामरांसमोर पडद्यावरच्या कीबोर्डाचे काम हमखास येते. बटणे मांडणे सोपे असते. अडते ते पुढे: दुसऱ्या विंडोतील कर्सर जागचा न हलवता तिथे अक्षर पोहोचवणे आणि पोहोचलेले मराठी शुद्ध असणे, या दोन गोष्टींवर कीबोर्डाचे यश ठरते. पुढील उत्तरे मुख्यतः विंडोजविषयी आहेत. लिनक्सचा विचार शेवटाकडे केला आहे.

विंडोजमध्ये ऑन-स्क्रीन कीबोर्ड आधीच असताना वेगळा कशासाठी लिहायचा?

पुष्कळदा लिहूच नये. विंडोज १० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल आणि ओ ही बटणे एकत्र दाबली की तयार कीबोर्ड उघडतो, आणि यंत्रावर मराठी कीबोर्ड बसवून निवडलेला असल्यास त्याच्या बटणांवर मराठी अक्षरेही दिसतात. घरी किंवा कार्यालयात स्वतःच्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला एवढे पुरते, आणि ते त्याला दाखवून देणे हे नवे सॉफ्टवेअर लिहिण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

सार्वजनिक जागेतील यंत्राची गोष्ट वेगळी आहे. तयार कीबोर्डावर विंडोज, ऑल्ट आणि कंट्रोल ही बटणे असतात. त्यांच्या साहाय्याने कोणीही आपल्या ॲप्लिकेशनमधून बाहेर पडून यंत्राच्या सेटिंगपर्यंत पोहोचू शकतो. शिवाय ज्याला केवळ खाते क्रमांक भरायचा आहे त्याच्यापुढे संपूर्ण कीबोर्ड मांडणे गैरसोयीचे असते, आणि ज्येष्ठ वाचकाला शाळेत शिकलेल्या वर्णमालेच्या क्रमानेच अक्षरे हवी असतात. या तीनपैकी एकही गरज असेल तर स्वतःचा कीबोर्ड लिहिण्याला अर्थ आहे.

आमचे ॲप्लिकेशन विंडोजचा कीबोर्ड उघडू पाहते, पण तो सुरूच होत नाही. असे का?

आपले ॲप्लिकेशन ३२ बिटचे आणि विंडोज ६४ बिटचे असल्यास हे घडते. ३२ बिटच्या प्रोग्रामने सिस्टम३२ या फोल्डरचा पत्ता दिला की विंडोज त्याला गुपचूप दुसऱ्या फोल्डरकडे वळवते आणि तिथला कीबोर्ड या यंत्रणेवर चालत नाही. ॲप्लिकेशन ६४ बिटचे करावे. ते शक्य नसल्यास पत्त्यात सिसनेटिव्ह हे नाव वापरावे.

आमच्या कीबोर्डावरील बटण दाबले की मजकुराच्या चौकटीतील कर्सरच नाहीसा होतो आणि अक्षर कुठेच उमटत नाही. काय चुकते आहे?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. विंडोजमध्ये कीबोर्डाचे इनपुट ज्या विंडोकडे फोकस आहे, म्हणजे जी त्या क्षणी लिहिणे स्वीकारते आहे, तिच्याकडेच जाते. आपण कीबोर्डाची विंडो साधी ठेवली असेल तर तिच्यावर बोट टेकताक्षणी ती सक्रिय होते, मजकुराच्या चौकटीकडचा फोकस तिच्याकडे येतो, आणि मग आपण पाठवलेले अक्षर परत आपल्याच विंडोत येऊन पडते.

अनेक जण यावर असा उपाय करतात की आधीच्या विंडोची ओळख लक्षात ठेवायची, बटण दाबल्यावर तिला पुन्हा सक्रिय करायचे आणि मग अक्षर पाठवायचे. हा मार्ग घेऊ नये. विंडोज कोणत्याही प्रोग्रामला वाटेल तेव्हा दुसरी विंडो पुढे आणू देत नाही. फोकसच्या प्रत्येक येण्या-जाण्याबरोबर काही ॲप्लिकेशन निवडलेला मजकूर सोडून देतात किंवा अर्धवट भरलेली चौकट तपासून चुकीचा संदेश दाखवतात. आणि वेगाने लिहिणाऱ्याची अक्षरे मधल्या मध्ये गळतात.

योग्य उपाय एकच आहे: आपल्या विंडोने फोकस कधी घेऊच नये. त्यासाठी विंडो तयार होतानाच तिला डब्ल्यूएस_ईएक्स_नोॲक्टिव्हेट ही विस्तारित शैली द्यावी, जिचे मूल्य ०एक्स०८०००००० आहे. सोबत डब्ल्यूएस_ईएक्स_टॉपमोस्ट दिल्यास कीबोर्ड इतर विंडोंच्या वर राहतो, आणि डब्ल्यूएस_ईएक्स_टूलविंडो दिल्यास तो टास्कबारवर दिसत नाही. जोडीला डब्ल्यूएम_माउसॲक्टिव्हेट या संदेशाला एमए_नोॲक्टिव्हेट असे उत्तर द्यावे. विंडोबरोबर तिच्यातील बटणांचाही विचार करावा लागतो, कारण बटण स्वतः फोकस मागू लागले तर वरची सगळी व्यवस्था वाया जाऊ शकते.

विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ, जावा आणि क्यूटी या विंडो तयार करण्याच्या साधनांत हे कसे करायचे?

विनफॉर्म्समध्ये फॉर्मचा क्रिएटपॅराम्स हा गुणधर्म ओव्हरराइड करून त्यात ही शैली मिसळावी आणि शोविदाउटॲक्टिव्हेशन मधून ‘ट्रू’ परत करावे. बटणांसाठी बटण या वर्गापासून स्वतःचा वर्ग काढून त्याची सिलेक्टेबल ही नियंत्रण-शैली बंद करावी. डब्ल्यूपीएफमध्ये विंडोचे हँडल तयार झाल्यावर, म्हणजे ऑनसोर्सइनिशियलाइज्ड मध्ये, सेटविंडोलाँगच्या साहाय्याने शैली लावावी, शोॲक्टिव्हेटेड ‘फॉल्स’ ठेवावे आणि प्रत्येक बटणाचे फोकसेबल ‘फॉल्स’ करावे. कीबोर्ड आणि मजकुराची चौकट एकाच डब्ल्यूपीएफ विंडोत असल्यास केवळ फोकसेबल ‘फॉल्स’ करणे पुरते, आणि शक्य तिथे हीच मांडणी निवडावी असे माझे मत आहे.

जावाच्या स्विंगमध्ये विंडोवर सेटफोकसेबलविंडोस्टेट ‘फॉल्स’ आणि बटणांवर सेटफोकसेबल ‘फॉल्स’ करावे. क्यूटीमध्ये विंडोला विंडोडझनॉटॲक्सेप्टफोकस हा फ्लॅग द्यावा, शोविदाउटॲक्टिव्हेटिंग हा गुणधर्म लावावा आणि बटणांचे फोकस धोरण नोफोकस ठेवावे. क्यूटीचा स्वतःचा व्हर्च्युअल कीबोर्ड मॉड्यूलही आहे, मात्र तो जीपीएल किंवा व्यावसायिक परवान्याखाली मिळतो, म्हणून बंद स्रोताचे काम करणाऱ्यांनी परवाना आधी वाचावा.

अक्षर प्रत्यक्ष पाठवायचे कसे?

लिहिण्याची चौकट आपल्याच ॲप्लिकेशनमध्ये असेल तर कळ दाबल्याचे सोंग करण्याचे कारणच नाही. चौकटीत निवडलेला मजकूर काढून कर्सरच्या जागी नवे अक्षर घालावे आणि कर्सर पुढे सरकवावा. हा मार्ग विंडोजच्या भाषा-सेटिंगवर अवलंबून राहत नाही आणि त्याची चाचणीही सहज घेता येते.

दुसऱ्या ॲप्लिकेशनमध्ये लिहायचे असेल तर सेंडइनपुट हे फंक्शन वापरावे. डॉटनेटमधील सेंडकीज वापरायला सोपे आहे, पण त्यात अधिक चिन्ह, टक्क्याचे चिन्ह, कॅरेट, टिल्ड आणि कंस यांना खास अर्थ आहेत. ‘१०%’ असा मजकूर तसाच पाठवला की टक्क्याचे चिन्ह उमटत नाही, ते ऑल्ट समजले जाते. ही चिन्हे महिरपी कंसात घालून पाठवावी लागतात. जुन्या उदाहरणांत दिसणारे कीबीडी_इव्हेंट आता नव्या कामात वापरू नये.

सेंडइनपुट शून्य परत करते आणि त्रुटी क्रमांक ८७ येतो. याचा अर्थ काय?

आपण सांगितलेला रचनेचा आकार चुकला आहे. इनपुट या रचनेत माउस, कीबोर्ड आणि हार्डवेअर अशा तिघांची युनियन असते, आणि तिचा आकार सर्वांत मोठ्या घटकाप्रमाणे, म्हणजे माउसच्या रचनेप्रमाणे ठरतो. सी शार्पमध्ये लिहिताना केवळ कीबोर्डाचा भाग घेतला, तर आकार लहान भरतो आणि विंडोज सगळी मागणी नाकारते. बरोबर आकार ३२ बिटमध्ये २८ बाइट आणि ६४ बिटमध्ये ४० बाइट आहे. युनियनमध्ये माउसची रचना घालणे हाच त्यावरचा सरळ उपाय आहे. आकडा हाताने लिहून टाकू नये, कारण तो दुसऱ्या बिल्डमध्ये चुकतो.

कळेचा कोड पाठवावा की युनिकोड अक्षर?

मराठीसाठी युनिकोड अक्षरच, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकातले अक्षर, पाठवावे. कळेचा कोड पाठवला तर त्याचे अक्षर कोणते होणार हे समोरच्या विंडोत त्या क्षणी कोणता कीबोर्ड निवडलेला आहे यावर ठरते. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीत ‘के’च्या कळेवर क आहे; म्हणजे एकाच कोडातून एका यंत्रावर इंग्रजी अक्षर निघेल आणि दुसऱ्यावर क. विंडोज ही निवड साधारणपणे प्रत्येक विंडोसाठी वेगळी ठेवू शकते, त्यामुळे एकाच यंत्रावरही निकाल बदलतो.

कीइव्हेंटएफ_युनिकोड हा फ्लॅग लावल्यावर आभासी कळेचा कोड शून्य ठेवावा आणि अक्षराचे यूटीएफ-१६ मूल्य स्कॅनकोडच्या जागी द्यावे. समोरच्या ॲप्लिकेशनला ते व्हीके_पॅकेट या नावाने मिळते आणि पुढे साध्या अक्षरासारखे वाचले जाते. देवनागरीचा मुख्य गट यू+०९०० ते यू+०९७एफ इतका, म्हणजे १२८ जागांचा आहे आणि तो यूटीएफ-१६च्या एकाच एककात मावतो, म्हणून मराठी अक्षरांसाठी जोडीने मूल्ये पाठवावी लागत नाहीत. इमोजींसाठी मात्र लागतात. एंटर, टॅब, बॅकस्पेस आणि बाण ही बटणे नेहमी कळेच्या कोडानेच पाठवावीत, कारण ॲप्लिकेशनला त्यांत अक्षर नको असते, कृती हवी असते.

छापखान्यांत अजून चालणारी काही जुनी ॲप्लिकेशन युनिकोडची नाहीत आणि त्यांचे फॉन्ट आठ बिटांचे आहेत. अशा विंडोत मराठी युनिकोड अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह येते. तिथे कीबोर्डाकडून चमत्काराची अपेक्षा न धरता मजकूर युनिकोडमध्ये लिहून नंतर रूपांतरित करावा.

मराठीसाठी बटणांची मांडणी कोणती ठेवावी?

हे आपल्या वापरणाऱ्यांवर आहे, आणि त्यांना भेटल्याशिवाय ठरवू नये. इन्स्क्रिप्ट ही मांडणी १९८६ साली प्रमाणित झाली आणि पुढे आयएस १३१९४:१९९१ या भारतीय मानकात आली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला आहेत. टंकलेखन शिकलेल्या माणसाला ती अत्यंत सोयीची आहे. परंतु ग्रंथालयाच्या दारातील पडद्यापाशी आलेला वाचक एका बोटाने लिहितो, आणि दोन हातांची ती विभागणी त्याच्या उपयोगाची नसते. त्याच्यासाठी क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग अशा ओळींची वर्णमाला सर्वांत चांगली, कारण अक्षर कुठे असेल याचा अंदाज त्याला न शोधता बांधता येतो.

मुंबईतच झालेले एक काम या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागाने तयार केलेल्या स्वरचक्र या मोबाइल कीबोर्डात व्यंजनावर बोट टेकवले की त्याभोवती त्याच व्यंजनाची मात्रा लागलेली रूपे चक्रात उमटतात आणि बोट सरकवून हवे ते रूप निवडता येते. मात्रा वेगळी शोधावी लागत नाही आणि क नंतर काय काय होऊ शकते हे डोळ्यांसमोर असते. डेस्कटॉपच्या मोठ्या स्पर्शपडद्यावर ही कल्पना उत्तम चालते. असे चक्र स्वतंत्र विंडोत उघडत असल्यास त्या विंडोलाही फोकस न घेण्याची शैली द्यायला विसरू नये.

टंकलेखन यंत्राच्या धाटणीची मांडणी मागणारे ऑपरेटरही आहेत, आणि त्यांच्यासाठी काम करणे सर्वांत अवघड आहे. यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. म्हणून व्यंजन पूर्ण होईपर्यंत ती हातात धरून ठेवावी लागते. रफाराचे याच्या उलट आहे. ‘कर्म’ लिहिताना यंत्रावर क, म आणि मग रफार येतो, पण साठवणीत र आणि हलन्त हे म च्या आधी असावे लागतात. आपल्याच चौकटीत लिहिणे चालू असेल तर मागचा मजकूर पाहून दुरुस्ती करता येते. दुसऱ्या ॲप्लिकेशनमध्ये मात्र मागे काय आहे ते दिसत नसल्याने आपण पाठवलेल्या अक्षरांची नोंद ठेवून बॅकस्पेस पाठवावे लागतात, आणि वापरणाऱ्याने मध्येच कर्सर हलवला की ती नोंद निरुपयोगी होते.

मराठीची अशी कोणती अक्षरे आहेत जी हिंदीवरून उचललेल्या मांडणीत राहून जातात?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण इथली चूक बटणावर दिसत नाही, ती पुढे साठलेल्या नोंदींत दिसते.

पहिले ळ, ज्याच्याशिवाय ‘टिळक’ आणि ‘काळबादेवी’ लिहिता येत नाही. दुसरे ॲ. युनिकोडमध्ये त्याला यू+०९७२ हे स्थान २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्याआधीच्या मांडण्यांत हिंदीतील ऍ किंवा अ आणि चंद्र अशी जोडी वापरली जात असे. डोळ्यांना अ आणि चंद्राची जोडी ॲ सारखीच दिसते, पण यंत्राच्या दृष्टीने ती वेगळी आहे आणि युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एका ठरावीक रूपात आणण्याची क्रिया, त्या दोघांना एक करत नाही. ‘ॲम्ब्युलन्स’ असा शोध घेणाऱ्याला जुन्या पद्धतीने भरलेली नोंद सापडत नाही.

तिसरे ऱ्य मधील अर्धा र. दर्या आणि दऱ्या, आचार्याला आणि आचाऱ्याला, या जोड्यांत अर्थाचा सगळा भेद त्या एका खुणेत आहे. युनिकोडनुसार हे लिहिण्यासाठी ऱ, हलन्त आणि य असा क्रम लागतो. ऱ चे स्थान यू+०९३१ आहे आणि इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्टसह ‘जे’च्या कळेवर मिळतो. र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक अशा दुसऱ्या क्रमानेही तेच रूप दिसते. ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ हे शब्द मराठीत पावलोपावली येतात, म्हणून मी ऱ्या, ऱ्ह यांच्यासाठी अर्ध्या ऱ चे स्वतंत्र बटण ठेवतो आणि ते एकाच क्रमाने, यू+०९३१ आणि हलन्त असेच, पाठवतो. ऱ हे र आणि नुक्ता असे विभागूनही साठवले जाऊ शकते. मजकूर साठवण्यापूर्वी एनएफसी या प्रकारचे युनिकोड प्रमाणीकरण केल्यास हा भेद मिटतो.

चौथे उदाहरण पतपेढ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज भेटते. ‘बँक’ हा शब्द ब वर चंद्रबिंदू देऊनही लिहिला जातो आणि ब वर चंद्र व मग अनुस्वार देऊनही. बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखे दिसतात. कीबोर्ड आपला असेल तर चंद्रानंतर अनुस्वार आल्यास त्याचा चंद्रबिंदू करावा आणि शोधाच्या वेळीही तोच नियम लावावा.

रुपयाचे चिन्ह विसरू नये. २०१० साली ते स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या ६.० आवृत्तीत यू+२०बी९ येथे आले. ते रेखाटणारे उदय कुमार हे त्याच आयडीसीचे विद्यार्थी.

मात्रांची बटणे कशी दाखवायची? नुसती मात्रा दिली की ठिपक्यांचे वर्तुळ येते.

ते वर्तुळ सुटी मात्रा कुठे बसेल हे दाखवण्यासाठी येते आणि जाणकाराला ते समजते. सामान्य वाचकाला मात्र ‘का, कि, की, कु’ असे पूर्ण रूप अधिक लवकर कळते. नुकत्याच दाबलेल्या व्यंजनाप्रमाणे बटणांवरची रूपे बदलणे आणखी चांगले: म दाबला की मा, मि, मी. पाठवायची मात्र फक्त मात्रा.

फॉन्ट निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. मराठीतील ल आणि श यांची वळणे हिंदीतील वळणांहून निराळी आहेत, आणि ज्या फॉन्टांत दोन्ही आहेत तिथे मजकुराची भाषा मराठी असल्याचे ॲप्लिकेशनला सांगावे लागते. डब्ल्यूपीएफमध्ये ते विंडोच्या भाषा-गुणधर्माने करता येते. दुसरी गोष्ट म्हणजे फॉन्ट ॲप्लिकेशनबरोबरच द्यावा. विंडोज ८ पासून निर्मला यूआय असतो, पण यंत्र कुठले मिळेल याचा भरवसा नसतो. मुंबईच्या एक टाइप या समूहाचा मुक्ता हा खुला फॉन्ट लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो.

बॅकस्पेसने अख्खे अक्षर पुसावे की शेवटची मात्रा?

शेवटचे चिन्हच पुसावे. ‘स्त्री’ लिहिताना दीर्घ वेलांटी चुकली तर लिहिणाऱ्याला फक्त वेलांटी बदलायची असते. संपूर्ण जोडाक्षर पुसले तर त्याला बरोबर असलेली पाच चिन्हेही पुन्हा भरावी लागतात. कर्सर पुढेमागे हलवताना मात्र अख्खे अक्षर ओलांडावे, अर्ध्या अक्षरात थांबू नये. हे आपण स्वतः लिहीत असल्यास लक्षात ठेवावे की जोडाक्षराला एकच अक्षर मानणारा नियम युनिकोडच्या अक्षरखंड-मानकात २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या लायब्रऱ्या ‘क्ष’ चे दोन तुकडे करतात.

शिफ्ट कसे चालावे?

एकदा दाबल्यावर पुढच्या एका अक्षरापुरते, दोनदा दाबल्यावर कायमचे, आणि तिसऱ्यांदा दाबल्यावर बंद. त्याची अवस्था केवळ रंगाने न दाखवता बटणावरील सगळी अक्षरे बदलून दाखवावी. शिफ्टची कळ दाबल्याची घटना विंडोजकडे पाठवून ठेवू नये. आपला प्रोग्राम मध्येच बंद पडला तर ती दाबलेलीच राहते आणि खरा कीबोर्डही विचित्र वागू लागतो. शिफ्टची अवस्था आपल्या प्रोग्राममध्येच ठेवावी आणि निवडलेले अंतिम अक्षर तेवढे पाठवावे. कंट्रोल द्यावाच लागला तर तो दाबणे, अक्षर आणि तो सोडणे हे सेंडइनपुटच्या एकाच हाकेत पाठवावे.

स्पर्शपडद्यावर बटण उशिरा प्रतिसाद देते आणि कधी कधी बोटाभोवती चौकोन दिसतो. ते कसे थांबवायचे?

विंडोज बोट दाबून धरण्याला उजवी क्लिक समजते, आणि ती आहे की नाही हे ठरेपर्यंत माउसचा संदेश रोखून धरते. डब्ल्यूपीएफमध्ये स्टायलस.इजप्रेसअँडहोल्डएनेबल्ड ‘फॉल्स’ करावे. मूळ विन३२ मध्ये सिस्टम-जेश्चरविषयी विचारणाऱ्या टॅबलेट संदेशाला उत्तर देताना दाबून धरणे बंद करण्याचा फ्लॅग परत करावा. एवढ्याने कीबोर्डाचा स्वभावच बदलतो, आणि तरीही ही गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते.

बटणांचा आकार किती असावा?

डब्ल्यूसीएजी या सुलभता-मानकात ४४ गुणिले ४४ पिक्सेल हा वरच्या श्रेणीचा निकष आहे. त्याखाली जाऊ नये, आणि हे पिक्सेल पडद्याच्या डीपीआयनुसार मोजलेले असावेत. मुंबईसाठी आणखी एक विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात माणूस छत्री मिटून ओल्या हातानेच यंत्रापाशी येतो, आणि कपॅसिटिव्ह पडद्यावर पाण्याचे थेंब चुकीचे स्पर्श निर्माण करतात. बटणांमध्ये मोकळी जागा ठेवावी, एकाच बटणाचे अगदी लागोपाठ आलेले दोन स्पर्श एकच मानावेत, आणि दाबून धरल्यास पुन्हा पुन्हा उमटण्याची सोय बॅकस्पेस व बाणांपुरतीच ठेवावी. त्या पुनरावृत्तीचा वेग स्वतः न ठरवता विंडोजच्या सेटिंगमधून वाचावा, कारण ज्याचा हात थरथरतो त्याने तो तिथे आधीच बदलून ठेवलेला असू शकतो.

काही विंडोंमध्ये अक्षरे जातच नाहीत, पण त्रुटीही येत नाही.

समोरचे ॲप्लिकेशन ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असावे. व्हिस्टापासून विंडोज कमी अधिकाराच्या प्रोग्रामला जास्त अधिकाराच्या विंडोत इनपुट पाठवू देत नाही, आणि सेंडइनपुट या कारणाने अडले तर ते परतीच्या मूल्यातूनही सांगत नाही. सर्व काही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणे हा त्यावरचा धोकादायक मार्ग आहे. त्याऐवजी मॅनिफेस्ट या प्रोग्रामसोबतच्या माहिती-फाइलमध्ये यूआयॲक्सेस ‘ट्रू’ करावे. त्यासाठी प्रोग्रामवर विश्वासार्ह डिजिटल स्वाक्षरी असावी लागते आणि तो प्रोग्राम फाइल्ससारख्या संरक्षित फोल्डरमध्ये असावा लागतो.

पासवर्डासाठी पडद्यावरचा कीबोर्ड अधिक सुरक्षित असतो का?

नाही. सेंडइनपुटने पाठवलेले प्रत्येक इनपुट कीबोर्डावर लक्ष ठेवणाऱ्या हूकला दिसते. शिवाय सार्वजनिक जागेत रांगेतील माणूस पडद्यावर कोणते बटण उजळते ते पाहू शकतो. पासवर्ड किंवा पिन भरताना बटण उजळणे बंद करावे. कोणते बटण दाबले याची नोंद लॉगमध्ये कधीही लिहू नये, चाचणीच्या बिल्डमध्येसुद्धा नाही. यंत्र काही काळ कोणी वापरले नाही तर चौकट आपोआप रिकामी करावी.

ज्यांना बोटाने दाबता येत नाही त्यांच्यासाठी काय करता येते?

माउसचा बाण बटणावर ठरावीक वेळ थांबला की ते दाबले गेले असे मानता येते. एकच स्विच वापरणाऱ्यासाठी ओळी एकेक करून उजळत जाव्यात, स्विच दाबल्यावर त्या ओळीतील बटणे एकेक उजळावीत आणि दुसऱ्या दाबाला अक्षर उमटावे. इथे वर्णमालेची मांडणी पुन्हा उपयोगी पडते. वारंवार लागणारी अक्षरे वरच्या ओळींत घेतली तर वाट पाहण्याचा वेळ कमी होतो. थांबण्याचा कालावधी बदलता आला पाहिजे, आणि तो बदलण्याचे बटणही याच पद्धतीने दाबता आले पाहिजे. स्क्रीन रीडरसाठी प्रत्येक बटणाला वाचता येईल असे नाव द्यावे: नुसत्या मात्रेला ‘दुसरी वेलांटी’, हलन्ताच्या चिन्हाला ‘पाय मोडणे’, म्हणजे ऐकणाऱ्याला ओळखीचा शब्द ऐकू येईल.

लिनक्सवर हाच कीबोर्ड चालेल का?

बटणांचा भाग चालेल, पाठवण्याचा भाग नव्याने लिहावा लागेल. एक्स११ या लिनक्सच्या जुन्या पडदा-व्यवस्थेवर एक्सटेस्ट या विस्ताराने कळेचे कोड पाठवता येतात, पण अक्षर सरळ पाठवता येत नाही. एखादा रिकामा कोड तात्पुरता देवनागरी अक्षराशी जोडून तो पाठवावा लागतो. वेलँड या नव्या व्यवस्थेने एका प्रोग्रामला दुसऱ्यात इनपुट घालू देण्याची ती मोकळीक मुद्दामच काढून घेतली आहे. तिथे व्हर्च्युअल कीबोर्डाचा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे, मात्र तो प्रत्येक डेस्कटॉपवर उपलब्ध असेलच असे नाही. जावाचा रोबोट वर्ग दोन्हीकडे एकसारखा दिसत असला तरी तो फक्त कळेचे कोड घेतो, युनिकोड अक्षर घेत नाही, त्यामुळे मराठीसाठी त्याचा उपयोग नाही.

काम पूर्ण झाले हे कसे तपासावे?

नोटपॅड, ब्राउझरमधील चौकट आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली एखादी विंडो अशा तिन्ही ठिकाणी ‘दऱ्या’, ‘बँक’, ‘ॲप’, ‘टिळक’, ‘स्त्री’ आणि ‘₹’ लिहून पाहावे, आणि डोळ्यांवर न विसंबता साठलेल्या चिन्हांचे युनिकोड क्रमांक अपेक्षित क्रमांकांशी जुळवावेत. मजकुराचा थोडा भाग निवडून त्यावर लिहावे. निवड सुटली तर फोकस कुठेतरी गळतो आहे. त्यानंतर पडद्याचे स्केलिंग १५० टक्के करून पुन्हा हेच करावे. शेवटी ज्याने कीबोर्ड लिहिला नाही आणि पाहिलाही नाही अशा एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला स्वतःचे पूर्ण नाव व पत्ता भरायला सांगावे, मध्ये काही न बोलता शेजारी बसावे, आणि त्यांचे बोट ज्या बटणावर अडले ते लिहून घ्यावे.